चार चाकांचें बळ आणि टायरांची झीज

जालना जिल्ह्यांतील काळी, चिकण जमीन पावसाळ्यांत चाकें गिळते. अशा वेळीं चारहि चाकांस इंजिनाचें बळ पुरविणारी गाडी तारक ठरते. परंतु २०२२ सालीं खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गासारख्या पक्क्या, कोरड्या रस्त्यावर तेंच बळ टायरांच्या मुळावर येतें. वळण घेतांना पुढील चाकें मागील चाकांहून मोठें वर्तुळ आक्रमितात. हा फरक सामावून घेणारी मधली डिफरेन्शियल ज्या गाडींत नसते, तींत तो टायरांना रस्त्यावर घासूनच भरून काढावा लागतो. चिखलांत चाकें सहज निसटतात, म्हणून तेथें हानि होत नाहीं. सबब, पक्की सडक लागतांच बळ दोनच चाकांकडे ठेवावें.

टायर सारखे झिजावे म्हणून सुमारें दर ८,००० ते १०,००० किलोमीटरनंतर त्यांच्या जागा बदलाव्या. जादा चाक त्याच मापाचें असल्यास तेंहि फेरींत घ्यावें. हवा टायर थंड असतांना तपासावी. हवा कमी असल्यास कडा झिजतात, अधिक असल्यास मध्यभाग. खांचेची खोली १.६ मिलिमीटरवर येण्यापूर्वींच टायर बदलावा; ओल्या रस्त्यावर गाडींतील माणसांची सुरक्षितता त्या खांचांवरच अवलंबून असते.