तबकड्यांतील आठवणींचें जतन

‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट १९३१ सालीं मुंबईस झळकला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाहीं. कळमनुरीच्या एखाद्या घरांतील लग्नमुंजींच्या डीव्हीडींवरहि हाच प्रसंग येऊं शकेल. कारण त्यांतील रंगद्रव्याचा थर ऊन-उष्म्यानें बिघडतो. म्हणून संगणकाच्या साह्यानें प्रत्येक तबकडीची नक्कल हार्ड डिस्कवर उतरवावी. एकेरी थराच्या तबकडींत ४.७ जीबी मावतात. तेव्हां शंभर तबकड्यांस १ टीबी पुष्कळ झाली. यूएसबीची सोय असलेल्या राऊटरला ती डिस्क जोडली, कीं तींच चित्रें घरांतील टीव्हीवर व मोबाईलवर पाहतां येतात. मात्र एकच प्रत म्हणजे जतन नव्हे. दुसरी परगांवीं, आप्ताच्या घरीं ठेवावी. गेलेल्या आजीचा आवाज पुन्हां मुद्रित करतां येत नाहीं.