सहा वर्षांचा अल्बम

ल्युसिंडा विल्यम्स, अमेरिकी गायिका-गीतकार. जन्म १९५३, लेक चार्ल्स, लुइझियाना. वडील मिलर विल्यम्स नावाजलेले कवी. १९९७ मध्ये क्लिंटन यांच्या दुसऱ्या शपथविधीत त्यांनी कविता वाचली होती.

१९७९ मध्ये जुन्या ब्लूज आणि लोकगीतांचा पहिला अल्बम निघाला, फारसा कुणी ऐकला नाही. १९९२ नंतर तर सहा वर्षे नवा अल्बमच नाही. कारण ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’. ऑस्टिनमध्ये गर्फ मॉर्लिक्सबरोबर ध्वनिमुद्रण झाले. बाईंना पटले नाही. नॅशव्हिलमध्ये स्टीव्ह अर्लबरोबर पुन्हा सुरुवात. शेवटचा हात फिरवला रॉय बिटन यांनी, म्हणजे ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या पियानोवादकाने. हटवादी, चिकट अशी बोलणी बाईंनी भरपूर खाल्ली. (पुरुष कलावंत असता, तर ‘परिपूर्णतेचा ध्यास’ म्हटले असते!)

३० जून १९९८ ला अल्बम आला. गाणी १३, एक सोडून सगळी तिची. कंट्रीचे गिटार, ब्लूजचा खर्ज, लोकगीताची गोष्ट. सांधा कुठे दिसत नाही. दक्षिणेतली गावे तर गाण्यांच्या नावांतच आहेत: जॅक्सन, ग्रीनव्हिल, लेक चार्ल्स. ‘ड्रंकन एंजल’ हे गोळीबारात मेलेल्या ब्लेझ फोली या गायकावर.

पुढच्या वर्षी समकालीन लोकसंगीताचे ग्रॅमी मिळाले. ऐकायला सुरुवात ‘लेक चार्ल्स’पासून करावी.