विश्लेषण : जंगलाजवळ ‘पेट फ्रेंडली’ मुक्काम, कुत्र्याला सोबत नेण्याआधी काय तपासावे?

जोडून सुट्ट्या आल्या की घरातल्या कुत्र्याचे काय करायचे, हा प्रश्न श्वानपालकांना हमखास पडतो. त्यावर उत्तर म्हणून ताडोबा, पेंचच्या परिसरापासून भंडारदऱ्यापर्यंत लाकडी केबिन, कॉटेज आणि फार्मस्टे ‘पेट फ्रेंडली’ अशी जाहिरात करतात. फोटोत व्हरांडा, मागे दाट झाडी आणि पायरीवर ऐटीत बसलेला लॅब्रॅडॉर दिसतो. मात्र ही परवानगी खोलीपुरती असते. कुंपणापलीकडच्या जंगलाचे नियम वेगळे आहेत. ते दुर्लक्षिले तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते आणि वन्यप्राण्यांच्याही.

‘पेट फ्रेंडली’ म्हणजे नेमके काय?

या शब्दाचा अर्थ प्रत्येक मालक आपापल्या सोयीने लावतो. कुठे फक्त लहान जातीचे कुत्रे चालतात, कुठे वेगळे शुल्क लागते. कुठे कुत्र्याला जेवणाच्या जागेत किंवा पलंगावर मनाई असते. बऱ्याच ठिकाणी कुत्र्याला खोलीत एकटे सोडून बाहेर जाता येत नाही. ही शेवटची अट बुकिंगच्या पानावर शोधूनही सापडत नाही, पण जंगलाच्या सहलीत खरी अडचण तिथेच होते.

सफारीला कुत्र्याला नेता येते का?

नाही. राष्ट्रीय उद्यानातला प्रवेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीने आणि अटींसह मिळतो. सफारीच्या वाहनात पाळीव प्राण्यांना जागा नाही. राज्यात ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली अशी सहा राष्ट्रीय उद्याने आहेत.

अनेकांचा गोंधळ ‘बफर’ या शब्दामुळे होतो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा क्षेत्राचा भाग आहे आणि त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र. बफरमध्ये गावे आहेत, शेती आहे, गावकऱ्यांची गुरे आणि कुत्रीही आहेत. त्यामुळे ‘इथे चालत असेल’ असे पर्यटकांना वाटते. पण बफरमधल्या सफारीलाही कुत्रा नेता येत नाही आणि बफरमध्येही वाघ-बिबटे फिरतात.

मग सफारीच्या वेळी कुत्रा कुठे ठेवायचा?

सफारीची एक फेरी साधारण चार तासांची असते. प्रवेशद्वारावर आधी पोहोचणे आणि परतणे धरले, तर पाच ते सहा तास जातात. एवढा वेळ कुत्र्याला गाडीत ठेवणे हा पर्यायच नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने चढू शकते. काच थोडी खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो आणि गाडीतली हवाच तापली की हा उपाय निकामी होतो. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे लक्षात घेतले तर धोका वेगळा सांगायला नको.

खोलीत एकटे ठेवणेही सोपे नाही. जागा अनोळखी, बाहेर वानरे आणि हवेत नवे वास. अशा वेळी कुत्रा दार ओरबाडतो, सतत भुंकतो किंवा संधी मिळताच पळतो. व्यवहार्य उपाय एकच, सोबतच्या दोन प्रौढांनी फेऱ्या वाटून घ्याव्यात. एकाने सकाळी जावे, दुसऱ्याने दुपारी. सफारीचे बुकिंग नाव आणि ओळखपत्रावर होते. त्यामुळे ऐनवेळी अदलाबदलीच्या भरवशावर न राहता दोन्ही फेऱ्या आधीच वेगवेगळ्या नावांनी आरक्षित कराव्यात.

बिबट्याचा धोका किती खरा?

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. तो २०१४ मध्ये ‘ऑरिक्स’ या नियतकालिकात आला. वजनाच्या हिशेबाने बिबट्यांच्या भक्ष्यात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यात सर्वाधिक, ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. हा भाग घनदाट जंगलाचा नसून शेतीचा आहे. मुंबई, पुणे, नाशिककरांचे लाडके भंडारदराही याच तालुक्यात येते.

याचा सरळ अर्थ असा, की बिबट्याच्या दृष्टीने गावातला कुत्रा आणि शहरातून आलेला महागडा कुत्रा यांत फरक नाही. उलट शहरी कुत्र्याला बिबट्याच्या वासाची, हालचालीची सवय नसते. तो कुतूहलाने झाडीकडे धावतो. व्हरांड्यात साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही. म्हणून संध्याकाळ झाली की कुत्रा खोलीत आणि दार बंद, हा नियम पाळावा. रात्री त्याला बाहेर न्यायची वेळ आलीच तर आखूड पट्टा, टॉर्च आणि कुंपणाच्या आतली उजेडाची जागा, एवढे हवेच.

कुत्र्यामुळे जंगलाला काय धोका?

हा भाग सहसा चर्चेत येत नाही. कुत्र्यांमधील ‘कॅनाइन डिस्टेंपर’ हा विषाणू लाळ, शिंका आणि इतर स्रावांतून पसरतो. तो वाघ, सिंह, बिबटे आणि रानकुत्रे यांनाही होऊ शकतो. १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटीत या साथीत सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तिथल्या सिंहांपैकी जवळपास एक तृतीयांश दगावले. भोवतालच्या वस्त्यांतील कुत्र्यांशी या साथीचा संबंध जोडला गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत २३ सिंह मेले. त्यांपैकी काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू आढळला आणि नंतर अमेरिकेहून लस मागवावी लागली. ताडोबात वाघांसोबत रानकुत्र्यांचे कळपही आहेत. रानकुत्रा ही जगभरात संकटग्रस्त मानली गेलेली प्रजाती आहे.

कायद्याने याचा विचार काही प्रमाणात केला आहे. अधिनियमाच्या कलम ३३-ए नुसार संरक्षित क्षेत्रात आणि त्याच्या पाच किलोमीटर परिसरात पाळलेल्या पशुधनाच्या लसीकरणासाठी उपाय योजण्याची जबाबदारी मुख्य वन्यजीव रक्षकांवर आहे. मात्र ‘पशुधना’च्या व्याख्येत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, अगदी बदकाचेही नाव आहे, कुत्र्याचे नाही. त्यामुळे दोन दिवसांसाठी आलेल्या कुत्र्याचे लसीकरण झाले आहे की नाही, याची खरी जबाबदारी त्याच्या पालकावरच येते.

निघण्याआधी कोणती तयारी हवी?

डिस्टेंपर, पार्वो, लेप्टोस्पायरोसिस आणि रेबीज या चारही लसींच्या तारखा कार्डावर तपासा. डोस बाकी असेल तर तो निघण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी द्या, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो. पिल्लाचे लसीकरण पूर्ण झाले नसेल तर सहल पुढे ढकला. गोचीड प्रतिबंधक औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सुरू करा, गवतातून फिरून आल्यावर कान, पंजे आणि बगला तपासा. कुत्र्याला ओढ्या-तळ्याचे पाणी पाजू नका. विष्ठा पिशवीत गोळा करून परत आणा, कारण पार्वोचा विषाणू मातीत काही महिने टिकतो.

परदेशात यापेक्षा मोकळीक आहे का?

केबिनमधल्या सुट्टीचे अनेक व्हिडीओ अमेरिकेतले असतात. तिथल्या यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानात कुत्रा नेता येतो. पण रस्ते, वाहनतळ आणि कॅम्पच्या जागेपासून १०० फुटांच्या आत आणि सहा फुटांच्या पट्ट्यावरच. जंगलातल्या पायवाटांवर त्याला बंदी आहे. व्हिडीओत हा भाग दिसत नाही.

बुकिंगआधी मालकाला काय विचारावे?

• आवाराला पूर्ण कुंपण आहे का, त्याची उंची किती?
• बिबट्या किंवा वाघ आवाराजवळ शेवटचा कधी दिसला?
• आवारात इतर कुत्री आहेत का, त्यांना लस दिली आहे का?
• वीज गेल्यास पंख्याची सोय आहे का?
• कुत्र्याला खोलीत एकटे ठेवता येते का?
• जवळचा पशुवैद्यक किती अंतरावर आहे, रात्री येतो का?

दुसऱ्या प्रश्नाला ‘इथे काहीच येत नाही’ असे उत्तर मिळाले तर जरा सावध व्हा. जंगलाजवळचा जाणता मालक कधी काय आले होते, हे नेमके सांगतो.

मग न्यावे की नाही?

सहलीचा उद्देश सफारी असेल, तर कुत्र्याला नातेवाइकांकडे किंवा ओळखीच्या श्वानगृहात ठेवणे त्याच्या हिताचे. उद्देश कुत्र्यासोबत निवांत राहणे असेल, तर जंगलाच्या सीमेपासून थोडा दूर, पक्के कुंपण असलेला फार्मस्टे निवडा आणि शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. तेव्हा ऊन सोसवते, पावसाळ्यातला चिखल आणि लेप्टोचा धोकाही कमी असतो. वाघ दिसला नाही तरी कुत्र्याचे काही बिघडत नाही. त्याला मोकळी, सुरक्षित जागा आणि तुमची सोबत पुरते.