रानवाटांचे नकाशे : कोठे मिळतात व कसे निवडावेत

सुटीच्या दिवशी रानावनांत हिंडण्याची आवड शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे बरीच वाढली आहे, आणि ही गोष्ट निःसंशय समाधानाची आहे. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर भंडारदरा, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड या स्थळांकडे मुलामाणसांसह जाणारांची रीघच लागलेली असते. बरोबर डबे असतात, पांघरुणे असतात, विजेऱ्या असतात. नसतो तो नकाशा. आणि असलाच तर तो बहुधा त्या नावास पात्र नसतो.

मी स्वतः याच रीतीने एकदा फसलो आहे. नोकरीत असताना एका हिवाळ्यात सोळा विद्यार्थी घेऊन मी हरिश्चंद्रगडावर गेलो. यात्रेतील एका दुकानात घेतलेले एक रंगीत पत्रक आमच्यापाशी होते. त्यावर देऊळ, गुहा, कोकणकडा आणि कड्याखालचे बेलपाडा ही नावे सुबक अक्षरांत छापलेली असून कड्यापासून बेलपाड्यापर्यंत लाल ठिपक्यांची एक वाट दाखविली होती. तिची लांबी दोन बोटे! मुलांनी हट्ट धरला आणि मीही मान डोलावली. उन्हे कलल्यावर कड्याच्या काठाकाठाने आम्ही ती वाट शोधीत असता गुरे वळणाऱ्या एका म्हाताऱ्याने आम्हांस हटकले. “गुरुजी, पोरांना मागं घ्या. इथनं खाली नुसतं पानी जातं,” एवढेच तो म्हणाला. ती रात्र आम्ही गुहेत काढली. मुले झोपली, मला झोप आली नाही.

पुढे एका स्नेह्याच्या घरी त्याच जागेचा भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा पाहावयास मिळाला, आणि त्या म्हाताऱ्याचे वाक्य तेथे तपकिरी शाईत छापलेले आढळले. या नकाशावर समान उंचीची स्थळे जोडणाऱ्या रेषा असतात. डोंगराळ मुलखात एका रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंत साधारणतः २० मीटरांचा चढ किंवा उतार समजावा. रेषा विरळ असतील तेथे चाल सोपी, दाट असतील तेथे दमछाक, आणि एकमेकींस चिकटल्या असतील तेथे कडा. गडापासून कोकणच्या तळापर्यंतचा उतार हजार मीटरांहून अधिक आहे; म्हणजे तेवढ्या चिंचोळ्या जागेत पन्नासांहून अधिक रेषा दाटीने उभ्या आहेत. तेथे ‘नळीची वाट’ म्हणून एक मार्ग आहे खरा, पण तो कसलेल्या गिर्यारोहकांचा, शाळकरी मुलांचा नव्हे. पत्रकावर ना प्रमाण होते, ना उंची. ज्या कागदावर या दोन गोष्टी नाहीत त्यास चित्र म्हणावे. त्याच्या भरवशावर रानात पाऊल टाकू नये.

आता खरा नकाशा मागावा कसा, ते सांगतो. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची, मुख्य कचेरी डेहराडून येथे. पायी हिंडणाराने या विभागाचा पन्नास हजारांस एक या प्रमाणाचा नकाशा घ्यावा. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. हा नकाशा गावाच्या नावाने न मागता क्रमांकाने मागावा लागतो, आणि येथेच पुष्कळांचे अडते. वस्तुतः ही रचना शाळेतील भूमितीहून कठीण नाही. १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश यांमधील चौकोनास ४७ हा आकडा आहे. त्याचे एक एक अंशाचे सोळा भाग पाडून त्यांस ए पासून पी पर्यंत इंग्रजी अक्षरे दिली आहेत, आणि प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा तुकडे करून त्यांस १ ते १६ हे आकडे दिले आहेत. वायव्य कोपऱ्यापासून खाली उतरावयाचे, मग उजवीकडच्या ओळीत पुन्हा वरून खाली यावयाचे. या हिशेबाने आमची राहुरी ४७ आय/११ या कागदावर पडते, कळसूबाई ४७ ई/१० वर आणि हरिश्चंद्रगड ४७ ई/१५ वर.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. राहुरी आणि हरिश्चंद्रगड ही जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. म्हणून ४७ ई/१५, ४७ आय/३, ४७ आय/७ आणि ४७ आय/११ हे चार कागद ओळीने मांडले की दोन मीटरांहून थोडी अधिक लांब पट्टी होते, आणि आमच्या गावाशेजारून वाहणारी मुळा नदी पार तिच्या उगमाच्या मुलखापर्यंत बव्हंशी त्या पट्टीवर बोटाने मागे नेता येते.

२००५ सालच्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. त्यापूर्वी किनाऱ्यालगतच्या व सरहद्दीलगतच्या पट्ट्यांतील नकाशे सामान्य माणसास सहजी मिळत नसत. जनतेच्या मालिकेत क्रमांकाचा आरंभ बदलला आहे : राहुरीचा कागद तेथे ई ४३ सी ११, तर हरिश्चंद्रगडाचा ई ४३ बी १५. शेवटचा आकडा तोच राहिला, हे त्यातल्या त्यात बरे. २०१७ साली विभागाने हे नकाशे आपल्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली. छापील प्रत हवी असल्यास पुण्यात आळंदी रस्त्यावर विभागाचे कार्यालय आहे. घरी उतरविलेला नकाशा छापून घेताना मात्र ‘पानात बसवा’ असे छापखान्यास सांगू नये, कारण त्याने प्रमाण बिघडते. छापून झाल्यावर समासातील मोजपट्टीवर फूटपट्टी ठेवून पाहावी.

समासातच पाहणीचे सालही असते. ते अवश्य वाचावे. मुळा धरणाच्या आधीच्या पाहणीचा कागद हाती आला तर आज जेथे जलाशय आहे तेथे शेते आणि वाटा दिसतील. टेकड्या हलत नाहीत, पाऊलवाटा हलतात. भ्रमणध्वनीवरील नकाशांत हौशी लोकांनी भरलेल्या वाटा नव्या असतात हे खरे. परंतु कोणी एकदा चुकून गेलेली वाटही तेथे वाट म्हणूनच दिसू शकते. तेव्हा ती उंचीच्या रेषांवर ठेवून तपासावी.

जमीन कोणाची, हा प्रश्न निराळा. सर्वेक्षणाच्या कागदावर राखीव वनाची हद्द व ‘आर. एफ.’ ही अक्षरे आढळतात, पण शेत कोठे संपते व वन कोठे सुरू होते हे बारकाईने पाहावयाचे तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातील गावनकाशा घ्यावा. आता तो महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरही पाहता येतो. राखीव वनात शिरण्यावर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने निर्बंध आहेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे तर १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि तेथे १९७२ चा वन्यजीव अधिनियम लागू आहे. त्याची देखरेख वन खात्याच्या नाशिक येथील वन्यजीव विभागाकडे असून मुक्काम करावयाचा असल्यास आधी तेथे विचारणा करावी. नकाशावर वाट छापलेली आहे म्हणून तीवरून जाण्याचा परवाना मिळाला, असे कोणीही समजू नये.

निघण्यापूर्वी नकाशाच्या दोन प्रती काढाव्यात. एक मेणकापडात गुंडाळून बरोबर घ्यावी. दुसरीवर जाण्यायेण्याचा मार्ग, पाण्याच्या जागा आणि मुक्काम पेन्सिलीने आखून, परतण्याची वेळ कोपऱ्यात लिहून ती घरी ठेवावी. उशीर झाल्यास शोध कोठून सुरू करावयाचा हे घरच्यांस सांगता येते.