चार विमानांची एअर ताहिती नुई

दक्षिण पॅसिफिकमधील फ्रेंच पॉलिनेशियाची लांब पल्ल्याची विमानसेवा म्हणजे एअर ताहिती नुई. कंपनीची बहुतांश मालकी तिथल्या स्थानिक सरकारकडे असून ताफ्यात बोइंग ७८७-९ जातीची अवघी चार विमाने आहेत. एवढ्या तुटपुंज्या बळावर ही कंपनी जगातल्या सर्वांत लांबच्या मार्गांपैकी एक मार्ग चालवते: पपीते ते पॅरिस.

या प्रदेशात ११८ बेटे आहेत आणि लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास. राजधानी पपीते ताहिती बेटावर आहे. तिथून ऑकलंड सुमारे ४,१०० किलोमीटर, लॉस एंजेलिस ६,६०० आणि टोकियो ९,४००. पॅरिस तर १५,७०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-लंडन अंतराच्या दुपटीहून जास्त. आगबोटीच्या काळात युरोपातून इथे पोहोचायला कित्येक आठवडे लागत.

विमाने आली तीही आडवाटेने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने बोरा बोरा बेटावर धावपट्टी बांधली. ताहितीला मात्र १९५० च्या दशकात ऑकलंडहून पाण्यावर उतरणारी विमाने येत. बेटाचा मधला भाग सगळा डोंगराळ आणि किनाऱ्याची पट्टी चिंचोळी. त्यामुळे फाआ विमानतळाची सुमारे साडेतीन किलोमीटरची धावपट्टी प्रवाळखडकावर भराव घालून समुद्रातच उभारावी लागली. १९६०-६१ मध्ये ती खुली झाली आणि जेट विमानांना वाट मिळाली.

यानंतरची तीन दशके फ्रान्सच्या अणुचाचण्यांची. १९६६ पासून इथल्याच मोरुरोआ आणि फांगाताउफा या प्रवाळबेटांवर चाचण्या होत राहिल्या आणि त्यांच्यामागून आलेल्या पैशावर बेटांचे अर्थकारण बेतले गेले. जानेवारी १९९६ मध्ये शेवटची चाचणी झाली. आता मदार पर्यटनावर होती. पण पर्यटक आणायचे कोणी? परदेशी कंपन्या नफ्याचे गणित पाहून येत आणि तेच पाहून निघून जात. त्याच वर्षी स्थानिक सरकारने पुढाकार घेऊन ही कंपनी स्थापन केली. १९९८ च्या नोव्हेंबरात भाड्याने घेतलेल्या एकुलत्या एक एअरबस ए३४० विमानावर सेवा सुरू झाली. चार इंजिनांचे विमान निवडणे शहाणपणाचे होते. जवळचा विमानतळ तासन्‌तास दूर असलेल्या महासागरावर दोन इंजिनांच्या विमानांना त्या काळी अधिक कडक बंधने होती.

पुढे ए३४० विमाने पाच झाली. २००५ मध्ये कंपनीने न्यूयॉर्कला थेट सेवा सुरू केली आणि सिडनीही जोडले. ही उडी झेपली नाही. इंधन महागले, चार इंजिनांचे विमान ते पीतही जास्त, आणि २००९ मध्ये दोन्ही मार्ग बंद करावे लागले. २०१८-१९ मध्ये पाच एअरबसच्या जागी चार ७८७ आली. त्यांतील एकाचे नाव तुपाइआ. १७६९ मध्ये जेम्स कुकच्या जहाजावर वाट दाखवायला गेलेल्या पॉलिनेशियन नाविकाचे हे नाव; याहून योग्य नाव सापडणे कठीण.

एकाच जातीची विमाने ठेवल्याने वैमानिकांचे प्रशिक्षण आणि सुट्या भागांचा साठा आटोक्यात राहतो. जोखीमही तितकीच मोठी: एक विमान दुरुस्तीला थांबले की पाव ताफा जमिनीवर. परतीच्या विमानांच्या पोटातून ताजा ट्यूना मासा अमेरिकेला जातो. विमानात चढताना प्रवाशाच्या हाती तिआरेचे पांढरे सुवासिक फूल दिले जाते, आणि उड्डाणानंतर हवाई सेविका औपचारिक पोशाख बदलून फुलाफुलांच्या बेटावरच्या पेहरावात येतात.

पॅरिसच्या वाटेवर लॉस एंजेलिसला इंधन भरावे लागते. तेवढ्या थांब्यासाठीही प्रवाशांना उतरून अमेरिकी तपासणीतून जावे लागते. फ्रान्सच्याच एका भागातून दुसऱ्या भागात निघालेल्या फ्रेंच नागरिकाला अमेरिकेची परवानगी लागते, हा या मार्गाचा खरा जाच आहे.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे अमेरिकेने निर्बंध घातले आणि हा थांबा अडचणीत आला. तेव्हा कंपनीने पपीतेहून विमान थेट पॅरिसला नेले. विमान पूर्ण भरलेले नव्हते, म्हणून इंधन पुरले. १५,७१५ किलोमीटरचे अंतर सुमारे १६ तासांत कापले गेले. देशांतर्गत प्रवासी उड्डाणांत एवढे लांबचे उड्डाण तोवर झाले नव्हते.

२०१८ पासून फ्रेंच बी आणि युनायटेड या कंपन्या सॅन फ्रान्सिस्कोमार्गे पपीतेला येऊ लागल्या आहेत. प्रवाशांना त्यामुळे पर्याय मिळाला, तो हवाच होता. पण या दोन्ही कंपन्यांना उद्या दुसरीकडे जास्त नफा दिसला तर त्या आपली विमाने तिकडे वळवू शकतात. एअर ताहिती नुईला ती मुभा नाही, आणि बेटांना तिची गरज आहे ती याच कारणासाठी.