परोक्ष धूम्रपान, उघड्यावरील
दुसऱ्याने ओढलेल्या विडी-सिगारेटचा धूर अनिच्छेने श्वसनात येणे. जळत्या टोकाचा धूर कमी तापमानाच्या ज्वलनातून निघत असल्याने, वजनाच्या मानाने, ओढलेल्या धुरापेक्षा अधिक विषारी असतो. उघड्यावर तो लवकर विरतो. तथापि वाऱ्याच्या दिशेस सु. अर्ध्या मीटरच्या आत तो बंद खोलीतल्याएवढा तीव्र असू शकतो. सु. दोन मीटरपलीकडे त्याचे प्रमाण पुष्कळच घटते. पनवेलच्या एस. टी. स्थानकासारख्या गर्दीच्या ठिकाणी मात्र प्रवाशांमध्ये एवढे अंतर क्वचितच राहते, आणि रांग सोडणे म्हणजे गाडी चुकणे.

प्रदूषणरहित हवेचा उपभोग हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटले. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, ग्रंथालये, सार्वजनिक वाहने इ. ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. २००३ च्या अधिनियमाने मात्र सार्वजनिक स्थळाच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळली. ही पळवाट २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी बरीचशी बुजविली : बसस्थानक, रेल्वे स्थानक, क्रीडागार आणि लोकांचा वावर असलेली तत्सम ठिकाणे मोकळी जागा गणली जात नाहीत. स्थानकाच्या कुंपणाबाहेरील पानटपरीपुढचा पदपथ ‘तत्सम’ ठरतो किंवा कसे, हे नियमांत स्पष्ट केलेले नाही.