वीस वर्षांत एक दिवस कमी

सॅन अँटोनिओ, टेक्सास

या शहराला इथले लोक ‘मिलिटरी सिटी’ म्हणतात. फोर्ट सॅम ह्यूस्टनच्या छावणीत कमिसरी आहे, आपल्या सीएसडी कॅन्टीनसारखीच. सवलतीचा भाव अधिक 5 टक्के अधिभार, आणि ओळखपत्राशिवाय सामान नाही. हे कार्ड काही घटस्फोटित बायकांकडेही असतं. नवऱ्याशी नातं तुटलं, कार्ड मात्र शाबूत. आमच्या भंडाऱ्यात सांगितलं तर लोक थट्टा समजतील.

हा हक्क सुखासुखी मिळालेला नाही. दर दोन-तीन वर्षांनी बदली, त्यामुळे फौजीच्या बायकोची नोकरी टिकत नाही आणि स्वतःची पेन्शन होत नाही. तरीही 1981मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की लष्करी पेन्शनची घटस्फोटात वाटणी होणार नाही. ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून राज्यांच्या न्यायालयांना वाटणीची मुभा दिली.

दवाखाना आणि कमिसरीचा हक्कही त्याच कायद्यातला. गंमत आहे ती हिशेबात. नोकरी वीस वर्षं, संसार वीस वर्षं आणि दोन्ही एकत्र चाललेली वीस वर्षं, असं जुळलं तरच लष्करी दवाखाना आणि कमिसरी कायम. एकत्र वर्षं पंधरा ते वीसच्या मधे असतील तर फक्त एक वर्ष दवाखाना. वीसला एक दिवस कमी पडला तरी कायमची सवलत नाही; मला हे क्रूरच वाटतं. पुन्हा लग्न केलं की दवाखानाही जातो. दहा वर्षांच्या अटीबद्दल तर इथल्या बायकांचाही गैरसमज असतो. ती अट पेन्शनच्या हक्कासाठी नाही, लष्कराच्या कार्यालयाने हिस्सा थेट बाईच्या खात्यात टाकावा यासाठी आहे. संसार त्याहून कमी असला तरी न्यायालय हिस्सा देऊ शकतं. तो मग नवऱ्याकडून वसूल करायचा.

आपल्याकडे घटस्फोटितेला फौजीच्या पेन्शनमध्ये वाटा नाही, कुटुंब निवृत्तिवेतन नाही, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्डही नाही. मुलांचा हक्क तेवढा राहतो. नवरा नोकरीत आणि लग्न कायम असेपर्यंत मात्र एक रस्ता आहे. आर्मी ॲक्टच्या कलम 90 (अधिकारी) आणि 91 (जवान) नुसार लष्कर त्याच्या पगारातून पोटगी कापू शकतं. घटस्फोट झाला की तो बंद.

म्हणून भंडारा, तुमसर, साकोलीच्या बहिणींना एवढंच सांगणं: कागदावर सही करण्याआधी कायमच्या पोटगीचा आकडा न्यायालयाकडून लिहून घ्या. घटस्फोट झालेला असला तरी पुनर्विवाह होईपर्यंत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144खाली पोटगी मागता येते. ‘पेन्शनला हात लावता येत नाही’ असं कुणी म्हणालं तर सांगा, की पोटगीच्या वसुलीसाठी पेन्शन जप्त होऊ शकते, असा निकाल आपल्याच नागपूर खंडपीठाने 2018मध्ये दिलेला आहे.